कव्हरसह आणि कव्हरविना

ती गेली तेव्हा कॉम्प्युटर चालू होता.

सोमवार होता. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरांनी मला सांगितलं. संध्याकाळी मी मेहुण्याबरोबर घरी आलो. कुलूप काढलं तेव्हा आतून मशीनच्या पंख्याचा आवाज आला. शनिवारी दवाखान्यात जाण्याआधी तिने पुस्तकांची पानं मशीनला लावून ठेवली होती. पानं संपली होती. मशीन बंद करायचं राहिलं होतं.

मेहुणा म्हणाला, "बंद करू का, दाजी?"

मी म्हणालो, "राहू दे."

हे मी लिहितो आहे ते जाड काळ्या स्केचपेनने, मोठ्या अक्षरांत. एका पानावर सात ओळी बसतात. लिहिलेलं मला परत वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघतो आणि मग कागदावर ठेवतो. वेळ लागतो. वेळ आहे.

माझ्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दारातून कोणी आलं हे कळतं, कोण ते चालण्यावरून ओळखावं लागतं. पुस्तक उघडलं की ओळीच्या दोन्ही टोकांना शब्द असतात आणि जिथे बघावं तिथे धूर. चार वर्षांपूर्वी सुरुवात झाली. तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढेल, पण वाढेल. मी नाशकातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सगळी नोकरी केली. घरी स्वतःची चार कपाटं पुस्तकं आहेत. निवृत्तीनंतर ती सावकाश वाचायची, असं ठरवून जमवलेली. निवृत्ती आली आणि डोळे जायला लागले.

बायको त्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायची. ती सटाण्याजवळच्या एका गावातली. वर्गात आणि घरात आमच्यासारखंच बोलायची, पण भावाचा फोन आला की तिची अहिराणी सुरू व्हायची आणि मी शेजारच्या खोलीत बसून त्यातलं निम्मं समजून घ्यायचो. ती प्रयोगशाळेत जास्त रमायची. तिच्या हातून गेलेल्या विद्यार्थ्यांना दुसरं काही आठवत नसलं तरी एवढं आठवतं, की बाई पहिलं रीडिंग कधीच धरू द्यायच्या नाहीत. "पहिलं रीडिंग म्हणजे दारात आलेला पाहुणा. त्याला आधी बसू द्या, पाणी प्यायला द्या, मग विचारा काय ते," असं ती सांगायची. पहिलं सोडायचं, पुढची तीन घ्यायची, सरासरी काढायची.

गेल्या फेब्रुवारीत तिच्या आजाराचं कळलं. दवाखान्यातून रिक्षाने घरी आल्यावर तिने चहा ठेवला, कप माझ्या हातात दिला आणि माझ्या कपाटांसमोर उभी राहिली.

"अहो, ही साधारण किती पुस्तकं असतील?"

"अकराशेच्या आसपास. रजिस्टरात बघून सांगतो."

"बघून कसं सांगणार?"

मी हसलो. तीही हसली. मग ती म्हणाली, "ही सगळी मशीनमध्ये घालू या."

तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता. तो आम्ही मोठ्याने कधी विचारला नाही, पण दोघांनाही पाठ होता. माझे डोळे पुरते जाण्याआधी आणि तिचे महिने संपण्याआधी ही चार कपाटं मशीनमध्ये जातील का? तिच्यामागे मला वाचता येईल का?

काम तीन टप्प्यांचं होतं. आधी पानाचा फोटो काढायचा. मग मशीन त्या फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर तयार करणार. मग तो मजकूर मशीन मला वाचून दाखवणार. फोटोची सोय तिने दोन दिवसांत केली. मेहुण्याने डाळिंबं पाठवली होती ते प्लास्टिकचं कॅरेट तिने जेवणाच्या टेबलावर पालथं घातलं, बुडाच्या फटीवर फोन आडवा ठेवला, खाली पुस्तक उघडून धरलं, फोनला जोडलेल्या हेडफोनचं बटण दाबलं, की फोटो निघाला. फोटो सरळ यायचा. पानं उलटायचं काम माझं. त्याला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, आणि माझ्या बोटांनी पानं उलटण्यातच आयुष्य काढलेलं आहे.

अडकायचं ते दुसऱ्या टप्प्यात. अक्षरं ओळखणं हे प्रोसेसरचं काम, आणि आमचं मशीन जुनं. तिनेच पूर्वी महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून एकेक भाग निवडून ते जोडून घेतलं होतं. त्यात दोन ऑपरेटिंग सिस्टीम होत्या. विंडोज माझ्यासाठी, कारण मला तेवढंच येत होतं. लिनक्स तिच्यासाठी. चालू करताना एक यादी यायची, त्यात हवं ते निवडायचं.

"प्रोसेसर एकच," तिने मला समजावलं, "पण सिस्टीम दोन. म्हणजे स्वयंपाकीण एकच आणि ओटे दोन. एका ओट्यावर मिठाचा डबा हाताशी, दुसऱ्यावर वाकून काढावा लागतो. पोळ्या त्याच. वेळ वेगळा."

"कुठला ओटा चांगला?"

"तेच तर मोजायचं."

मी म्हणालो, इंटरनेटवर हे कोणी ना कोणी मोजलेलं असेलच, तेच घ्यावं. यावर तिने माझ्याकडे जे बघितलं असेल ते मला दिसलं नाही, पण कळलं.

"शंभर जणांनी मोजलंय. त्यांचं मशीन, त्यांच्या गावची हवा, त्यांची इंग्रजी पानं. तुमची पिवळी पडलेली देवनागरी पानं कोणी मोजली आहेत, ग्रंथपालसाहेब?"

तिने दोनशे पानी वही काढली. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये असतात तशीच शीर्षकं घातली: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, दक्षता, अनुमान. लिहिताना ती मोठ्याने वाचायची, म्हणून मला माहीत आहे. उद्देशापुढे तिने लिहिलं, "एकाच प्रोसेसरवर दोन ऑपरेटिंग सिस्टीममध्ये शंभर पानं ओळखायला लागणारा वेळ मोजणे." खरा उद्देश तिने वहीत लिहिला नाही.

एप्रिल उजाडला. रोज सकाळी लिनक्स चालू करून तीच शंभर पानं ती मशीनला द्यायची, चारदा. पहिलं सोडायचं. मग जेवणं व्हायची. जेवण झालं की विंडोज चालू करून तीच पानं पुन्हा चारदा. ते लावून ती आडवी व्हायची, कारण उपचारांमुळे दुपारी तिला बसवत नसे. वेळाची नोंद मशीन स्वतः करून ठेवायचं. पाच वाजता उठून ती आकडे वहीत उतरवून घ्यायची.

आकडे विचित्र यायला लागले. लिनक्सवर शंभर पानांना बारा मिनिटांच्या आत. विंडोजवर सतरा, अठरा, एकोणीस. आणि तिथलं शेवटचं रीडिंग दर वेळी पहिल्यापेक्षा जास्त. तिला हे पटेना.

"ओटा कितीही वाईट असला तरी एवढा फरक पडत नाही," ती म्हणायची. "दुसरं काहीतरी चालू आहे मागे."

मग ती मागे काय चालू आहे ते शोधत बसली. व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम मोजण्यापुरता थांबवला. आपोआप येणारे अपडेट थांबवले. वीज वाचवायची सेटिंग बदलली. दोन्हीकडे तोच ओळखणारा प्रोग्रॅम, तीच आवृत्ती, तीच पानं. एक गोष्ट बदलायची आणि पुन्हा चारदा मोजायचं. अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत एकही नवीन पुस्तक मशीनमध्ये गेलं नाही. मी पानं उलटायला मोकळा होतो आणि उलटायला पानं नव्हती.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मला वस्तू झाकायची सवय आहे. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाला खाकी कव्हर घातल्याशिवाय मी ते मांडणीवर ठेवलं नाही. घरी मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी. बायको म्हणायची, एक दिवस मलाही कव्हर घालतील. त्या उन्हाळ्यात आमच्या समोर इमारतीचं काम चाललं होतं. दुपारी वारा सुटला की सिमेंटची धूळ थेट गॅलरीतून घरात. कॉम्प्युटरचा कॅबिनेट गॅलरीच्या दाराशीच होता. त्याच्यासाठी मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून तपकिरी रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं होतं, चेनवालं, मापात. दुपारी ती आडवी झाली की मी गॅलरीचं दार लावायचो आणि कॅबिनेटला कव्हर घालून चेन ओढायचो. पाच वाजायच्या आत काढून, झटकून, घडी करून ठेवायचो. तिला सांगितलं नाही. लपवायचं असं काही नव्हतं. देव्हाऱ्यापुढची पणती विझली की आपण ती उचलतो, ते कोणाला सांगतो का? तसंच.

बाराव्या दिवशी रविवार होता. सकाळी ती म्हणाली, "ठरवलं. विंडोज काढून टाकते. डिस्क लहान आहे, दोन दोन संसार कशाला? सगळी जागा लिनक्सला देते आणि कामाला लागते. बारा दिवस झाले."

मी म्हणालो, "बरं."

पण मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं, की विंडोजवरचा मराठी आवाज ऐकण्यासारखा होता. बाई वाचते आहे असं वाटायचं. स्वल्पविरामाला थांबायची. लिनक्सवर तेव्हा आम्हाला जो आवाज मिळाला होता तो डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा होता. त्यात कविता ऐकून बघितली होती. मी दोन ओळींत बंद करायला सांगितलं होतं.

"त्या डब्यातल्या माणसाची सवय होईल तुम्हाला," ती म्हणाली.

"होईल की. तीस वर्षं प्राचार्यांचं ऐकलंच आहे."

ती हसली, पण लगेच उठून गेली.

त्या दुपारी मेहुणा आला. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, कांदा आणि डाळिंब करतो. एसटीने आला, हातात कांद्याची अर्धी गोणी. ती तेव्हा आत झोपलेली. विंडोजवर शेवटचा प्रयोग लावलेला होता. संध्याकाळी उठली की ती ते काढून टाकणार होती. मेहुण्याने गोणी ठेवायला गॅलरीकडे जागा शोधली आणि कॅबिनेटला टेकवून ठेवायला गेला. टेकवताना त्याचा हात कव्हरवर पडला.

"दाजी, हाई झाकी काबर ठेयेल शे?"

"धूळ येते," मी म्हणालो.

"अहो, पण चालू आहे ना आत?" माझ्याशी बोलताना तो मध्येच आपल्या बोलीतून बाहेर यायचा. "हात लावून बघा. भाकरी भाजली जाईल."

मी हात लावला. खरंच गरम होतं.

"आमच्याकडे कांदा साठवायची चाळ असते ना, तिला चारही बाजूंनी फटी ठेवतो. का? हवा खेळली पाहिजे. झाकला की घाम येतो त्याला. सडी जास. आणि हा तर कांदा नाही, दाजी, हा तर कामाला जुंपलेला गडी. गड्याला रेक्झिनचा कोट घातला तुम्ही एप्रिलमध्ये!"

तो स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्याने हसला. आतून तिचा आवाज आला, "काय झालं रे?"

"काही नाही ताई, दाजींनी तुझ्या मशीनला स्वेटर घातलाय."

ती बाहेर आली. दारातच थांबली. तिची आकृती कडेने मला दिसत होती. ती कॅबिनेटजवळ गेली, चेनवर हात ठेवला, काढली नाही.

"हे कव्हर तुम्ही रोज घालता?"

"दुपारी. तू पडलेली असतेस तेव्हा."

"विंडोज चालू असताना."

"धूळ येते गं."

ती खाली बसली. मेहुण्यालाही कळलं असावं, तो गोणी उचलून स्वयंपाकघरात गेला. मला तेव्हा फिजिक्स येत नव्हतं, पण हिशोब कळला. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. बंद खोली, एप्रिलची दुपार, वर रेक्झिन. जितका वेळ चालेल तितका आणखी तापणार, म्हणून शेवटचं रीडिंग सगळ्यांत मोठं. तिने दोन सिस्टीम मोजल्याच नव्हत्या. अकरा दिवस ती सकाळ आणि दुपार मोजत होती. माझं कव्हर मोजत होती. तिच्याकडे दिवस मोजके होते आणि त्यातले अकरा मी चेन लावून बंद केले होते.

"मला सांगायचं नाही का?" एवढंच ती म्हणाली.

"विचारलं नाहीस."

हे मी म्हणालो. म्हणायला नको होतं. त्या संध्याकाळी तिने वहीत काहीतरी लिहिलं, पण रोजच्यासारखं मोठ्याने वाचलं नाही. जेवताना भावाशी गावाकडचं बोलत राहिली. माझ्या ताटात भात वाढताना मात्र "अजून?" असं नेहमीप्रमाणे विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा मोजलं. कव्हर नाही, गॅलरीचं दार उघडं, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे. धुळीसाठी दारावर मी ओली चादर टांगायची, असं ठरलं. आता एक दिवस सकाळी लिनक्स आणि दुपारी विंडोज, दुसऱ्या दिवशी उलट. चार दिवस. उत्तर असं आलं की लिनक्स थोडं पुढे, शंभर पानांमागे मिनिटभराच्या आत. आणि दोन्ही सिस्टीम दुपारपेक्षा सकाळी चांगल्या चालतात.

"माणसासारखंच आहे," ती म्हणाली. हे बोलताना तिचा आवाज पहिल्यासारखा झाला होता आणि मला इतकं हलकं वाटलं की मी उठून उगाच पाण्याचा तांब्या भरून आणला.

विंडोज राहिलं. तिने कामाची वाटणी केली. सकाळी लिनक्सवर पानं ओळखायची. दुपारी विंडोज, माझ्यासाठी, ऐकायला. ती आडवी होऊन ऐकायची, मी खुर्चीत. मशीनमधली बाई चुकली की आम्ही दोघं एकदम "हं" म्हणायचो. जुन्या छपाईतली जोडाक्षरं मशीनला नीट ओळखता येत नसत. नोकरीत असताना मी अशा चुका पेन्सिलीने दुरुस्त करायचो. आता कानाने करू लागलो. तिने कधीच न वाचलेली माझी कितीतरी पुस्तकं तिने त्या उन्हाळ्यात, पावसाळ्यात ऐकली. प्रवासवर्णनं तिला आवडली. कादंबऱ्यांतली माणसं फार बोलतात, असं तिचं मत पडलं.

पावसाळ्यात मला सुरुवातीची यादी दिसेनाशी झाली. मशीन चालू केलं की पडद्यावर दोन ओळी येतात. काही केलं नाही तर दहा सेकंदांत लिनक्स सुरू होतं. विंडोज हवं असेल तर खालचा बाण एकदा दाबायचा आणि मग एंटर. मला की-बोर्डवरचा बाण सापडेना. मी चाचपडायचो आणि दहा सेकंद निघून जायचे. ती तीन दिवस बघत राहिली. मग आरशाजवळ गेली, टिकल्यांचं पाकीट आणलं आणि दोन टिकल्या काढल्या. एक खालच्या बाणावर लावली, एक एंटरवर. मखमली टिकल्या, बोटाला लगेच कळतात.

"आता डोळे मिटून करा," ती म्हणाली.

"मिटलेलेच आहेत."

"मग बरंच आहे. करा."

मी केलं. बाण, एंटर. बाई बोलायला लागली. तिने मला ते दहा वेळा करायला लावलं. पहिलं धरलं नाही.

दिवाळीनंतर तिला बसवेना. तरी सकाळी ती मशीनपाशी यायची. त्या शनिवारी दवाखान्यातून फोन आला, आजच या. ती बॅग भरायच्या आधी टेबलाशी गेली, आधीच्या आठवड्यात फोटो काढून ठेवलेली सात पुस्तकं मशीनला लावली आणि मग म्हणाली, "चला." मी दाराला कुलूप लावताना ती जिन्यात म्हणाली, "कव्हर नाही ना घातलं?"

"नाही."

"गॅलरीचं दार?"

"उघडं आहे. चादर ओली करून टांगली आहे."

"शाबास."

त्यानंतर दवाखान्यात ती बोलली, पण घरचं असं तिचं शेवटचं बोलणं हे.

तेरावं झाल्यावर मेहुणा दोन दिवस राहिला. मी त्याला वही दिली आणि म्हणालो, वाचून दाखव. तो शाळेत मागे होता असं ती नेहमी चिडवायची. तो बोट ठेवून, एकेक आकडा मोठ्याने वाचत गेला. उद्देश. साहित्य. कृती. मध्येच म्हणाला, "आम्हना कांदा बी इतला कोनी मोजत नई, दाजी." मग पुढे वाचू लागला.

निरीक्षणाच्या तक्त्यात ते अकरा दिवस येणार हे मला माहीत होतं. मला वाटलं होतं, तिने ते खोडले असतील. खोडले नव्हते. त्या पूर्ण पानावर कडेला तिने लिहिलं होतं, "कव्हरसह." पुढच्या पानावर, "कव्हरविना." दोन्ही तक्ते सारख्याच नीट आखलेले. मग मेहुणा "दक्षता" या शीर्षकावर आला आणि थांबला.

"वाच ना."

"एक: दर वेळी तीच पानं घ्यावीत. दोन: पहिलं रीडिंग धरू नये. तीन: प्रयोग चालू असताना यंत्र झाकू नये." तो पुन्हा थांबला. "चार: झाकणाऱ्यावर रागावू नये. त्याने आयुष्यभर सगळं जपलंच आहे."

चौथ्या ओळीखाली तारीख होती. मेहुण्याने ती वाचली. तोच रविवार. ज्या संध्याकाळी तिने मोठ्याने वाचलं नव्हतं, ती.

मला मिळालेलं जेवढं काही आहे त्याची गणती मी अलीकडे रोज करतो. मला बायको अशी मिळाली की तिने माझ्या मूर्खपणाचासुद्धा वेगळा तक्ता आखला. मेहुणा असा मिळाला की त्याने कांद्याच्या अनुभवावरून प्रोसेसर ओळखला. तो त्या रविवारी आला नसता तर मी आज डब्यातल्या माणसाचं ऐकत असतो. डोळ्यांचंसुद्धा असं, की ते एकदम गेले नाहीत. तिच्याबरोबर पानं उलटण्यापुरते राहिले. अकरा दिवस वाया गेले असं मी फार दिवस धरून बसलो होतो. आता तसं वाटत नाही. ते अकरा दिवस ती आत झोपली होती आणि मी बाहेर तिच्या मशीनला जपत होतो. दोघं घरात होतो.

अनुमान या शीर्षकाखाली काहीच लिहिलेलं नाही. मेहुणा म्हणाला, "मी लिहू का? तुम्ही सांगा." मी नको म्हणालो. काम अर्धंच झालं आहे. अर्ध्या कामावर ती कोणाला अनुमान लिहू द्यायची नाही.

चारपैकी दोन कपाटं मशीनमध्ये गेली आहेत, दोन राहिली आहेत. रोज सकाळी मी गॅलरीचं दार उघडतो, कॅरेटखाली पुस्तक धरतो, चाळीस पानांचे फोटो काढतो आणि लिनक्सला देतो. मजकूर गोळा करून नावं द्यायला मेहुणा महिन्यातून एकदा येतो. दुपारी खालचा बाण, मग एंटर, आणि मी ऐकत बसतो. रेक्झिनचं कव्हर तो सटाण्याला घेऊन गेला. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला ते बसलं, असं त्याने फोनवर सांगितलं. दोन्ही टिकल्या जागेवर आहेत.